प्राधान्याचा अर्ज आणि त्याचे उत्तर

अन्न आणि वस्त्र या गरजा माणूस बाजारातून भागवितो. निवाऱ्यासाठी मात्र त्याला अनेकदा अर्जदार व्हावे लागते. सार्वजनिक गृहनिर्माण मंडळाकडे घरासाठी केलेला अर्ज ही आपल्या सर्वांच्या परिचयाची बाब आहे. परंतु या अर्जाच्या पोटात आणखी एक अर्ज दडलेला असतो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. 'मी रांगेत आहेच, पण माझी परिस्थिती इतरांहून बिकट आहे, तेव्हा माझा विचार आधी व्हावा' असे सांगणारा तो अर्ज. कार्यालयीन भाषेत त्याला प्राधान्याची विनंती म्हणतात. ती फेटाळली गेली की तिचे अपील होते. या अपिलाचे पुढे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गृहकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या बँक कर्मचाऱ्यास तो परका वाटण्याचे कारण नाही, कारण अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या ग्राहकाची कर्जाची फाइल आपल्याच कपाटात पडून असते.

सध्या माझी नेमणूक तमिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणम परिसरात आहे. कुंभकोणमलगतचे मरुदानल्लूर हे गाव सद्गुरुस्वामींच्या मठामुळे दक्षिणेतील भजनी परंपरेत सुप्रसिद्ध आहे. तंजावरच्या मराठी राजवटीत त्या परंपरेत मराठी अभंगांचीही भर पडली, हे मराठी वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही. तर या भागात विनंती-अर्जाला 'मनु' असे म्हणतात. तमिळनाडूतील सर्वच जिल्हाधिकारी कार्यालयांत दर सोमवारी जनतेचा तक्रार-निवारण दिन भरतो. इथून सुमारे चाळीस किलोमीटरवरील तंजावरला अशा सोमवारी गेले, तर हातात मनु घेतलेल्या माणसांची रांग दिसते. त्यातील कितीतरी मनु घराच्या जागेसाठी अथवा घरासाठी असतात. जवळच्याच तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाची आख्यायिका सांगतात. त्याने राजवाड्याच्या दाराशी न्यायाची घंटा टांगली होती आणि एका गाईने ती वाजविली तेव्हा तिलाही त्याने न्याय दिला. ही कथा इकडे इतकी रुजलेली आहे की प्रशासनाने खेडोपाडी भरविलेल्या जनसंपर्क दिनालाही मनुनीतीचेच नाव आहे. घंटा वाजविण्याची सोय आपल्या देशात सर्वत्र आहे, हे मान्य केले पाहिजे. राजा बाहेर येऊन काय सांगतो, हा खरा प्रश्न आहे.

या बाबतीत खेड्याची व्यवस्था शहराच्या मानाने पुढे आहे, असे म्हटले तर काहींना आश्चर्य वाटेल. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग १ एप्रिल २०१६ पासून अमलात आला. त्यात कोणाला आधी घरकुल द्यायचे, याचे चक्क गणित ठरविलेले आहे. आधार २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेचा. आधी बेघर, मग शून्य, एक व दोन कच्च्या खोल्यांत राहणारे, असा क्रम लावायचा. त्या प्रत्येक गटात वंचिततेचे निकष मोजायचे. कुटुंबात सोळा ते एकोणसाठ वयाचे कोणीच नाही. कर्ता पुरुष नसून स्त्री कुटुंबप्रमुख आहे. पंचवीस वर्षांवरील एकही साक्षर नाही. घरात दिव्यांग आहे आणि धडधाकट प्रौढ कोणी नाही. जमीन नाही, मजुरीवर गुजराण आहे. निकष जितके अधिक लागू, तितका क्रमांक वर. ही यादी ग्रामसभेपुढे ठेवायची, कोणाचे नाव वगळले तर कारण नोंदवायचे, आणि ते कारण पटले नाही तर जिल्हा पातळीवरील अपील समितीकडे दाद मागायची. या समितीत अधिकाऱ्यांच्या जोडीला किमान एक अशासकीय सदस्य असावा, असेही मार्गदर्शक आराखडा सांगतो.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. २०११ मध्ये सुस्थितीत असलेल्या कुटुंबावर २०१४ मध्ये संकट कोसळले, तर त्याचे नाव यादीत येणार कोठून? २०१८ मध्ये 'आवास प्लस' हे नवे सर्वेक्षण करावे लागले, ते राहून गेलेली नावे शोधण्यासाठीच. ग्रामसभेत कोणाचा आवाज मोठा असतो, हेही आपण सारे जाणतो. तथापि मरुदानल्लूरसारख्या गावातील झोपडीत राहणारी एखादी निराधार स्त्री 'माझा क्रमांक कितवा आणि तो तितकाच का?' हे विचारू शकते, आणि त्या प्रश्नाला नियमात उत्तर आहे. शहरातील सदनिकेसाठी अर्ज करणाऱ्या तिच्याच बहिणीला हा प्रश्न विचारण्याचीही सोय सहसा नसते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबई गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९४८ ची. पुढे १९७६ च्या कायद्यान्वये निरनिराळी मंडळे एकत्र करून डिसेंबर १९७७ मध्ये 'म्हाडा' अस्तित्वात आली. तिची संगणकीय सोडत हा आता मध्यमवर्गीय जीवनाचा भाग होऊन बसला आहे. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये निघालेल्या सोडतीत ४,०८२ घरे होती आणि अर्ज लाखाच्या वर आले होते. एवढ्या विषम प्रमाणात नशिबावर निर्णय सोपविणे हा प्रामाणिकपणाच म्हटला पाहिजे. चिठ्ठीला नातेवाईक नसतात. २०२३ पासून कागदपत्रांची पडताळणी सोडतीपूर्वीच होऊ लागली. त्यामुळे घर लागल्याचा आनंद आणि अपात्रतेचे पत्र यांच्यामध्ये अर्जदाराने काढावयाचे महिने कमी झाले, आणि ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु सोडत समान माणसांमध्ये न्याय्य असते. असमान माणसांना तिने सारखे लेखले, तर तिचा न्याय लंगडा पडतो. यावर उत्तर म्हणून आरक्षणाचे प्रवर्ग दाखविले जातात. वर्षानुवर्षे सोडतीच्या जाहिरातींत छापलेली ती यादी वाचकांनी एकदा सावकाश वाचावी. अनुसूचित जातींना ११ टक्के, अनुसूचित जमातींना ६ टक्के, स्वातंत्र्यसैनिक, माजी सैनिक, दिव्यांग यांना काही टक्के, इथवर कोणाची तक्रार नसावी. पण त्याच यादीत पत्रकारांना अडीच टक्के, कलाकारांना दोन टक्के, खुद्द मंडळाच्या कर्मचाऱ्यांना दोन टक्के आणि आजी-माजी लोकप्रतिनिधींनाही दोन टक्के असतात. निराधार विधवा, दुर्धर आजाराचा रुग्ण असलेले कुटुंब, घर कोसळून रस्त्यावर आलेला भाडेकरू यांच्यासाठी मात्र त्या यादीत स्वतंत्र रकाना आढळत नाही. म्हणजे प्राधान्य आहे. ते माणूस कोण आहे यावर आहे, त्याच्यावर काय गुदरले आहे यावर नाही. अशा माणसाने मंडळाकडे प्राधान्याचा अर्ज केला, तर संबंधित अधिकारी कितीही सहृदय असला तरी त्याला बोट ठेवायला नियम सापडत नाही. मग तो अर्ज 'उचित कार्यवाहीसाठी' पुढे सरकतो आणि सरकतच राहतो.

नियमात वाट नसली की माणूस आडवाट शोधतो. आपल्याकडे त्या आडवाटेला प्रतिष्ठित नाव मिळाले, स्वेच्छाधिकार कोटा. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखाली सूट मिळालेल्या योजनांतील काही घरे शासनाच्या मर्जीनुसार देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालली. कायदा राज्यात २००७ च्या अखेरीस रद्द झाला. पण एकाच व्यक्तीस वा कुटुंबास एकाहून अधिक घरे दिल्याचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि चौकशीचे आदेश निघाले. तमिळनाडूतही गृहनिर्माण मंडळाच्या भूखंड-सदनिकांत शासनाचा स्वेच्छाधिकार होता. त्यात निराधार महिला, दिव्यांग यांच्या पंक्तीला 'समाजसेवक' आणि 'निष्कलंक शासकीय सेवक' हेही बसविलेले होते. निष्कलंकपणा मोजण्याचे माप कोणते, हे विचारण्यास लोक न्यायालयात गेले, यात नवल नाही. दिल्लीत केंद्र शासनाच्या निवासस्थानांचे वाटप रांग मोडून झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. शिवसागर तिवारी खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे. १९९६ च्या सुमारास न्यायालयाने अशा रांगेबाहेरच्या वाटपाला रिक्त होणाऱ्या निवासस्थानांच्या पाच टक्क्यांची मर्यादा घातली. न्यायालयाने सहानुभूतीचे दार बंद केले नाही, त्याची रुंदी ठरवून दिली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

स्वेच्छाधिकाराचा सर्वांत मोठा तोटा भ्रष्टाचार हा नव्हेच. खऱ्या गरजवंताचे घरही त्यामुळे संशयित ठरते, हा तो तोटा. ज्या विधवेला त्या कोट्यातून खरोखर नियमाने घर मिळाले, तिलाही शेजारी विचारतात, 'तुमचे कोण होते मंत्रालयात?' तिच्यापाशी दाखवायला कारणांसह लिहिलेला आदेश नसतो.

गिरणी कामगारांचा इतिहास या संदर्भात फार बोलका आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्यांच्या जमिनींतून कामगारांना घरे देण्याची तरतूद २००१ च्या विकास नियमांत आली. पहिली मोठी सोडत निघाली २८ जून २०१२ रोजी, ६,९२५ घरांची. त्यानंतर २०१६ मध्ये आणि मग १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची. म्हणजे संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार पहिल्या सोडतीला साठीचा होता आणि २०२० च्या सोडतीला अडुसष्ट वर्षांचा. अर्ज दीड लाखाच्या घरात. त्यांच्यासाठी स्वतंत्र घरे राखून ठेवणे हे प्राधान्यच होते. पण त्या प्राधान्याच्या आत पुन्हा सगळे सारखे. ज्याच्या हाती दोन-चार वर्षेच उरली आहेत तो कामगार आणि ज्याच्यापुढे उभे आयुष्य आहे असा वारस, दोघांच्या चिठ्ठ्या एकाच पेटीत. जिवंत कामगाराला अथवा त्याच्या हयात पत्नीला एक चिठ्ठी जास्त दिली असती तर वारसांवर अन्याय झाला असता काय? मला तसे वाटत नाही. वयोवृद्ध कामगाराला कर्ज देताना मुलाला सहकर्जदार म्हणून घ्यावे लागते, हे गृहकर्जाचे काम पाहणाऱ्यांना माहीत आहे. आपल्या कर्जाच्या नियमांना अर्जदाराचे वय कळते, मग सोडतीला ते कळू नये याचे कारण समजत नाही.

'एक चिठ्ठी जास्त' ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाची वाटपाची पद्धत सोडतीचीच आहे. मात्र प्रथमच घर घेणाऱ्यास दुसऱ्यांदा घेणाऱ्यापेक्षा अधिक संधी मिळतात आणि काही घरांच्या बाबतीत वारंवार अपयश आलेल्या प्रथम अर्जदारास पुढच्या वेळी आणखी संधी जोडून दिली जाते. नशीब कायम ठेवून त्याला थोडे शहाणपण शिकविण्याचा हा प्रकार आहे. इंग्लंडची वाट निराळी. तेथे बेघर म्हणून मदत मागणाऱ्याच्या अर्जावरील प्रतिकूल निर्णय कारणांसह लेखी कळवावा लागतो. अर्जदाराला एकवीस दिवसांत फेरविचार मागता येतो आणि तो फेरविचार सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांत पूर्ण व्हावा, अशी अपेक्षा असते. त्यानंतर कायद्याच्या मुद्द्यावर न्यायालय आहेच. तेथेही घरे पुरत नाहीत आणि प्रतीक्षा लांबतच जाते. पण नकार का मिळाला हे माणसाला ठाऊक असते.

याउलट आपल्याकडे काय घडते, याचे एक उदाहरण नाव-गाव वगळून देतो. पूर्वीच्या एका नेमणुकीत आमच्या शाखेच्या ग्राहक असलेल्या एका बाईंनी सार्वजनिक योजनेतील सदनिकेसाठी अर्ज केला होता. पती निवर्तलेले, मुलगा चाकाच्या खुर्चीत. तळमजल्याच्या घरासाठी प्राधान्य मिळावे, ही विनंती. आम्ही कर्जाला तत्त्वतः मंजुरी दिली. विनंती नामंजूर झाल्याचे पत्र दोन ओळींचे होते, 'आपली विनंती प्रचलित धोरणात बसत नसल्याने मान्य करता येत नाही.' बाईंनी अपील केले. अपिलात काय लिहायचे, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. कोणते धोरण, त्यातील कोणते कलम, कोणते कागदपत्र कमी पडले, यांपैकी काहीच माहीत नसताना अपिलात लिहिणार काय? शेवटी त्यांनी पहिला अर्जच पुन्हा नव्याने लिहून दिला. आठ महिन्यांनी उत्तर आले, त्याही दोन ओळीच होत्या. दरम्यान आमच्या मंजुरीपत्राची मुदत संपली होती आणि व्याजदरही बदलला होता. नकार योग्य असेलही. कदाचित त्यांच्यापेक्षा अधिक गरजू कोणी असतील. ते त्यांना कोणी सांगितले नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

यावर अधिकारी वर्गाकडून एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारणे लिहून दिली की त्या कारणांवर खटले उभे राहतात. हजारो अपिलांना सविस्तर उत्तरे द्यायला मनुष्यबळ कोठून आणायचे? हा युक्तिवाद आपण बँकवाल्यांनी पूर्वी ऐकलेला आहे, किंबहुना आपणच केलेला आहे. रिझर्व्ह बँकेने मे २००३ मध्ये कर्जदारांशी न्याय्य व्यवहाराची संहिता आणली. दोन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाचा अर्ज नाकारल्यास प्रमुख कारणे लेखी कळवावीत, असे तिच्यात सांगितले होते. २००७ मध्ये ही अट रकमेची मर्यादा काढून सर्वच कर्जांना लागू झाली. त्या वेळी सेवेत असलेले माझे ज्येष्ठ सहकारी सांगतात की, आता रोज भांडणे होतील अशी भीती शाखा-शाखांतून व्यक्त होत होती. माझ्या अनुभवापुरते सांगायचे तर भांडणे उलट कमी होतात. परतफेडीची क्षमता कमी पडते असे स्पष्ट लिहून दिले, तर ग्राहक सहकर्जदार घेऊन येतो अथवा रक्कम कमी करून मागतो. मोघम नकार दिला, तर तो ओळखीच्या माणसाला घेऊन येतो. दुसरा एक फायदा आम्हा कर्मचाऱ्यांचा झाला. कारण लिहावयाचे म्हटल्यावर निर्णय घेण्यापूर्वी फाइल नीट वाचावी लागते.

शिवाय गृहनिर्माण मंडळांना हे बंधन नव्याने घालण्याचीही गरज नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलमच सांगते की, सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. त्यासाठी वेगळा माहिती-अर्ज करावा लागू नये, हाच त्या कलमाचा आशय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य सांगितले आहे. म्हाडाने २०२४ पासून आपला स्वतंत्र लोकशाही दिन सुरू केला, तेथे नागरिकाला वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर आपले गाऱ्हाणे मांडता येते. सोडतीत अपात्र ठरलेल्या अर्जदारासाठी अपिलाची पायरीही आहे. म्हणजे घंटा आहे, दार आहे, कायदाही आहे.

उणीव आहे ती दोन गोष्टींची. पहिली, शहरी सदनिकांसाठीही खेड्यातल्यासारखे आपत्तीचे गणित ठरविणे आणि ते जाहिरातीतच छापणे. किती घरे त्या गणितावर जातील याची मर्यादा हवी, सर्वोच्च न्यायालयाने सुचविली तशी पाच टक्क्यांची का होईना. आम्हा बँकांनाही अग्रक्रम क्षेत्राला किती कर्ज द्यायचे, त्याची टक्केवारी दशकानुदशके ठरवून दिलेली आहे आणि त्या क्षेत्रात कोण बसतो याच्या व्याख्याही. अग्रक्रम हा शब्द मोजता आला तरच तो खरा, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? दुसरी गोष्ट, फेटाळलेल्या प्रत्येक विनंतीला अमुक दिवसांच्या आत एक पानाचे उत्तर. अर्जदाराला किती गुण मिळाले, शेवटच्या यशस्वी अर्जदाराला किती मिळाले होते, कोणता दाखला जोडल्यास फरक पडेल. एवढ्या तीन बाबी त्या पानावर आल्या तरी पुष्कळ झाले. नावे जाहीर करू नयेत. आजारपणाचे आणि वैधव्याचे तपशील सूचनाफलकावर लावण्याइतके आपण निष्ठुर होऊ नये. क्रमांक आणि गुण पुरेसे आहेत.

या सुधारणा मंडळांच्या हाती आहेत, आपल्या नव्हेत. आपल्या हाती एक लहान गोष्ट मात्र आहे. ज्या ग्राहकाचे सदनिकेचे अपील प्रलंबित आहे, त्याने अपिलाची पोच दाखविल्यास गृहकर्जाच्या तत्त्वतः मंजुरीची मुदत नवे प्रक्रिया शुल्क न आकारता एकदा वाढवून द्यावी, असे मला वाटते. उत्पन्नाचे कागद तेवढे ताजे मागून घ्यावेत. आपल्या शाखांतील गृहकर्ज अधिकाऱ्यांनी अशी किती प्रकरणे त्यांच्याकडे अडून आहेत, त्यांची संख्या क्षेत्रीय कार्यालयाकडे कळविली, तर प्रस्ताव आकड्यांसह पुढे ठेवता येईल. आणि अशा ग्राहकांनी अपील दाखल करतेवेळीच त्याच्या पोचेची एक प्रत आपल्या शाखेत आणून द्यावी.